‘मेहनत करून उपयोग काय?’

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. सहामाहीच्या विज्ञानाच्या पेपरात तिच्या आकृतीला शून्य गुण मिळाले आणि मैत्रिणीच्या तशाच आकृतीला तीन. विचारायला गेली तर ‘जागेवर बस’ एवढेच ऐकावे लागले. तेव्हापासून ती ‘मेहनत करून उपयोग काय?’ असे म्हणते आणि शाळेच्या वेळी तिचे पोट दुखते. ‘करावे तसे भरावे’ असे मी तिला समजावते. माझे चुकते का?
– एक आई, सांगली

उत्तर : तीन गुण गेल्यापेक्षा ‘जागेवर बस’ हे तिच्या मनाला अधिक लागले असावे, असे मला वाटते. आज घेतलेल्या कष्टांचे उद्या चीज होईल, या भरवशावर मुले अभ्यासाला बसतात. जर्मनीतील हाले येथील मानसशास्त्रज्ञ क्लाउडिया डालबर्ट यांनी ‘जग न्यायी आहे’ आणि ‘माझ्याशी न्यायाने वागले जाते’ हे दोन विश्वास वेगळे मानले; मनःस्वास्थ्याशी यांतील दुसऱ्या विश्वासाचे नाते अधिक घट्ट दिसते. त्यांनी धारवाडच्या एका संशोधकांसह भारतीय शाळांतील मुलांचा केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि शिक्षकांच्या न्यायी वागण्याचा मुलांच्या स्वास्थ्याशी असलेला संबंध त्यातही दिसला.

‘करावे तसे भरावे’ ही म्हण मात्र इथे घातक ठरू शकते, कारण तिचा अर्थ मुलगी ‘म्हणजे चूक माझीच’ असा लावील. मानसशास्त्रज्ञ मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांच्या १९६६ सालच्या प्रयोगात एका स्त्रीला विजेचे झटके बसत असल्याचे विद्यार्थिनींना दाखवले होते; झटके खोटे होते, पण हे थांबवणे आपल्या हाती नाही असे वाटल्यावर पाहणाऱ्यांनी त्या स्त्रीलाच कमी लेखले. जग न्यायी आहे असे मानत राहण्यासाठी माणसे सोसणाऱ्यालाच दोष देतात, आणि तो दोष मूल स्वतःला देऊ लागले तर फार वाईट.

पोटदुखी थांबली नाही तर डॉक्टरांना जरूर दाखवा. पण त्याआधी शाळेत जा. दहावीच्या निकालानंतर राज्य मंडळाकडूनही उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन मागता येते. मग नववीच्या मुलीने कारण विचारणे हा उद्धटपणा कसा? गुण वाढले नाहीत तरी आकृतीत नावे द्यायची राहिली होती की प्रमाण चुकले होते, एवढे कुणी शांतपणे दाखवले तरी तिचे मन निवळेल. बाईंना भेटायला जाताना उत्तरपत्रिका मुलीच्याच हातात द्या आणि पहिला प्रश्न तिलाच विचारू द्या.