फुफ्फुसात पाणी नाही, पण मशाली विझतील

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे फासे टाकत पात्रं वठवायच्या खेळाची पाचवी आवृत्ती, तिसऱ्या लेव्हलची पात्रं, खेळ चालवणारे तुम्ही, रात्री डाकूंच्या तळावर हल्ला. तुमच्या ड्वार्फ क्लेरिकनं (ठेंगणा, देवाच्या कृपेनं जादू करणारा) ‘क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर’ हा स्पेल, म्हणजे मंत्र, टाकून म्होरक्याच्या फुफ्फुसात दहा गॅलन पाणी भरायचं ठरवलं. तुम्ही नाही म्हणालात, टेबल गप्प झालं, आणि तेव्हापासून सगळे नुसते डॅमेजचे, म्हणजे इजा मोजायचे, फासे टाकताहेत. नकार चुकला का, आणि खेळाडूंचं डोकं पुन्हा चालू कसं करायचं, असं तुम्ही विचारलंय.

नकार बरोबरच होता. पाणी उघड्या भांड्यात तयार होतं असं त्या स्पेलमध्ये स्पष्ट लिहिलंय, आणि जिवंत माणसाची छाती म्हणजे उघडं भांडं नव्हे. शिवाय टाकणाऱ्यापासून लक्ष्यापर्यंत मोकळी वाट लागते, हा सगळ्याच स्पेलना लागू असलेला नियम आहे. पण त्याच स्पेलमध्ये थोडं पुढे आणखी एक सोय दिलेली आहे. पाणी भांड्यात भरण्याऐवजी तीस फुटांच्या घनात पाऊस पाडता येतो आणि त्यातल्या उघड्या ज्योती विझतात. आता तुमचाच प्रसंग डोळ्यासमोर आणा. रात्रीची वेळ, माणसांची टोळी, उजेड फक्त मशालींचा आणि शेकोटीचा. तुमच्या क्लेरिकला मात्र ड्वार्फ असल्यामुळे अंधारात निदान साठ फुटांपर्यंत दिसतं. एका पहिल्या लेव्हलच्या स्पेलमध्ये अख्खा तळ आंधळा झाला असता. तुमच्या नकारात उणीव होती ती एवढीच, की नाही म्हटल्यावर तो स्पेल पुन्हा खेळाडूच्या हातात दिला गेला नाही.

मी 2014 पासून या आवृत्तीचं टेबल चालवते, बहुतेक वेळ मराठीतून. जादूचे अनपेक्षित उपयोग कुठून येतात यावर माझं मत आता पक्कं झालंय: ते स्पेलच्या ताकदीतून येत नाहीत, मर्यादेतून येतात. लेखकांनी ‘हे होणार नाही’, ‘इथवरच चालेल’, ‘मग स्पेल संपतो’ असं जिथे लिहिलंय, तिथेच हाताला काहीतरी लागतं.

याचं मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण ‘फ्लोटिंग डिस्क’चं आहे. (मूळ नावात पुढे टेन्सर आहे. ते खेळाच्या दोन निर्मात्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्स यांच्या मुलाचं कॅरेक्टर. मुलाच्या अर्नेस्ट या नावातली अक्षरं इकडची तिकडे करून ते नाव झालंय.) तीन फूट व्यासाची एक तबकडी जमिनीपासून तीन फुटांवर तरंगते, पाचशे पौंड, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास, वजन उचलते आणि तासभर तुमच्या मागे येते. लोक तिच्यावर खजिना लादतात आणि विसरून जातात. पण खालच्या ओळी वाचा. ती तुमच्यापासून वीस फुटांच्या आत राहायला बघते. दहा फूट किंवा त्याहून जास्त उंचीचा फरक तिला ओलांडता येत नाही. आणि तुम्ही शंभर फुटांपलीकडे गेलात की स्पेल संपतो.

आमच्या कॅम्पेनमध्ये (अनेक बैठकांत चालणारी सलग कथा) एका पडक्या देवळाच्या तळघरात कोरडा हौद होता, एकशेवीस फूट लांब आणि पंधरा फूट खोल. हौदाच्या काठाला अगदी लागून एक फरशी होती. ती वजनानं खचली की समोरचं दगडी दार उघडायचं, पण त्याच क्षणी दोन्ही भिंतींतून बाण सुटायचे. रोगनं, म्हणजे सापळे-कुलपांत तरबेज असलेल्या पात्रानं, फरशी ओळखली, पण ती निकामी करायचा रोल हुकला. मी धरून चालले होते की कुणीतरी धाडस करून पाय ठेवील आणि क्लेरिकचे उपचाराचे स्लॉट (स्पेल टाकायच्या मोजक्या संधी) खर्ची पडतील.

विझार्ड खेळणारी मुलगी पाचेक मिनिटं काहीच बोलली नाही. स्पेलचं कार्ड वाचत बसली होती. मग तिनं विचारलं, “मोडक्या मूर्तीचे तुकडे किती वजनाचे?” मी म्हटलं, सगळे मिळून चारशे पौंड धर. तिनं ते तबकडीवर रचायला लावले आणि तबकडीला मागे घेऊन काठापर्यंत चालत आली. फरशी ओलांडून पलीकडे झाली, तेव्हा तबकडी बरोबर फरशीच्या वर होती. फरशीवर काहीच भार नाही, कारण तबकडी जमिनीला टेकतच नाही. मग ती दोर बांधून हौदात उतरली. पंधरा फुटांचा फरक असल्यामुळे तबकडी काठावरच अडली. बाकीचे केव्हाच मागे सरकले होते. नकाशावरची एक चौकट पाच फुटांची, त्यामुळे ती आपली सोंगटी एकेक चौकट पुढे सरकवत निघाली आणि टेबलावरचे सगळे मोठ्यानं मोजायला लागले. अठरा, एकोणीस, वीस. वीसला काही झालं नाही, कारण शंभर फूट म्हणजे अजून हद्दीच्या आतच. एकविसाव्या चौकटीवर तबकडी नाहीशी झाली, चारशे पौंड दगड फरशीवर आदळले, भिंतींतले बाण सुटले ते रिकाम्या हवेत, आणि दार उघडलं.

त्या स्पेलला डॅमेज शून्य आहे, आणि रिच्युअल म्हणून, म्हणजे सावकाश विधी करून, टाकला तर स्लॉटही खर्च होत नाही. तरी त्या वर्षातला आमच्या टेबलावरचा सगळ्यात मोठा जल्लोष त्या एकविसाव्या चौकटीला झाला. तुमच्या खेळाडूंना हे सांगून पाहा. आणि तुमच्याकडे जो डॅमेज न करणारा स्पेल आहे, त्याचा शेवटचा परिच्छेद पुढच्या वेळी मोठ्यानं वाचून दाखवा, असं प्रत्येकाला म्हणा.

आता कुठे थांबवायचं ते. ‘शेप वॉटर’ हा कॅन्ट्रिप, म्हणजे स्लॉट न लागणारा छोटा स्पेल, घेतला की पहिल्याच दिवशी हा प्रश्न येतो: कुलपात पाणी घालून गोठवलं तर कुलूप फुटेल का? आमच्या खेळाडूनं रीतसर हिशेब मांडला होता. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, पाण्याचे नळ फुटतात, मग कुलूप का नाही? मी नाही म्हटलं, आणि कारणही सांगितलं. ‘नॉक’ हा दुसऱ्या लेव्हलचा स्पेल कुलूप उघडतो, पण त्याचा ठोका तीनशे फुटांवर ऐकू जातो. तेच काम एखादा कॅन्ट्रिप मुकाट्यानं, फुकटात आणि दिवसभर करायला लागला, तर नॉक शिकणाऱ्यानं काय मिळवलं? आणि रोगनं कुलपं उघडायचं कसब कशासाठी घेतलं? एका खेळाडूची युक्ती दुसऱ्या खेळाडूचं कामच काढून घेत असेल तर मी ती अडवते. हे मी लपवून करत नाही, टेबलावर उघड बोलते.

पण तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे ते यापुढचं. तीन सेशन्सनंतर हेच लोक एका दारातून पळत आत आले. दार त्यांनी लावून घेतलं, पण पहारेकऱ्यांकडे किल्ली होती आणि ते जिना चढत होते. तोच खेळाडू म्हणाला, “कुलूप फुटणार नाही, मान्य. पण किल्लीच्या भोकात बर्फ असेल तर किल्ली जाईल कुठे?” त्यानं पखालीतलं पाणी ओतलं. पहिल्या राउंडला (सहा सेकंदांची फेरी) ते भोकात सरकवलं, दुसऱ्या राउंडला गोठवलं. बारा सेकंद. बर्फ तासभर टिकतो, आणि स्पेलमध्ये दिलंय त्यापेक्षा तसूभरही जास्त त्यानं मागितलं नव्हतं. मी फासासुद्धा टाकायला लावला नाही. पलीकडून किल्ली भोकावर खरवडल्याचा आवाज येत राहिला, मग शिव्या, मग दारावर खांदे मारायला सुरुवात. तोवर हे खिडकीतून उतरले होते.

तेव्हाचा नकार सकारण होता म्हणूनच ही कल्पना सुचली, असं मला मनापासून वाटतं. भिंत कुठे आहे हे कळलं की माणूस तिला टेकून उभा राहायला शिकतो.

दुसरा एक घोळ म्हणजे अर्धं नियमांचं आणि अर्धं भौतिकशास्त्राचं उचलणं. हजारेक गावकरी रांगेत उभे करायचे, प्रत्येकानं ‘रेडी’ ॲक्शन (ठरलेली गोष्ट घडली की लगेच करायची कृती) वापरून भाला पुढच्याच्या हातात द्यायचा, सहा सेकंदांच्या एका राउंडमध्ये भाला मैलभर जाणार, मग त्याचा वेग काढून डॅमेज मागायचं. इंटरनेटवर हे फार प्रसिद्ध आहे. इथे भाला हलतो तो नियमांच्या जोरावर आणि आदळतो तो भौतिकशास्त्राच्या. 2024 च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये (खेळ चालवणाऱ्यासाठीचं पुस्तक) हेच उदाहरण देऊन म्हटलंय की नियम खेळ चांगला व्हावा म्हणून आहेत, जगाचं विज्ञान सांगायला नाहीत. मी खेळाडूला एकच पक्ष निवडायला सांगते. नियमानं गेलात तर शेवटचा गावकरी साधा भाला फेकतो.

नव्या पुस्तकांत अशा वादांच्या खुणा जागोजागी दिसतात. ‘ग्रीस’ या स्पेलमधलं ग्रीस पेटतं का, यावर 2014 च्या आवृत्तीत टेबलं भांडायची, कारण पुस्तक गप्प होतं. 2024 मध्ये ते ग्रीस न पेटणारं आहे असं सरळ लिहून टाकलं. उलट दिशेनंही झालंय. ‘लाइट’ हा उजेडाचा साधा स्पेल, पण 1981 च्या बेसिक संचात तो शत्रूच्या डोळ्यांवर टाकून त्याला आंधळं करता येईल असं नियमातच दिलेलं होतं. म्हणजे एकेकाळी दिवा हे अधिकृत हत्यार होतं, आणि आज तो फक्त दिवा आहे. जुन्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीतला ‘फायरबॉल’ तर जागा भरेपर्यंत पसरायचा, सुमारे 33,000 घनफूट. दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच बोळात टाकला तर आग तीनशेतीस फूट धावणार. ज्यांनी हा भागाकार आधी केला त्यांनी एका फायरबॉलमध्ये अख्खी बिळं साफ केली, आणि ज्यांनी केला नाही ते स्वतःच भाजून निघाले. तो नियम गेला याचं मला आजही वाईट वाटतं.

लहान कॅन्ट्रिपना कमी लेखू नका. ‘प्रेस्टिडिजिटेशन’नं वस्तूवर तासभर टिकणारी खूण करता येते. आमच्या बार्डनं बाजारात पाकीटमार शोधायला स्वतःच्या नाण्यांवर लाल ठिपके केले आणि मुद्दाम खिसा मोकळा सोडला. ठिपक्याचं नाणं दोन गल्ल्या पलीकडच्या गुत्त्यात निघालं. ‘मेज हँड’ दहा पौंड उचलतो, म्हणजे पेटता कंदील तीस फूट पुढे धरता येतो, आणि अंधारात दबा धरून बसलेला पहिला बाण कंदिलावर मारतो.

एक गोष्ट खास मराठीत खेळणाऱ्यांसाठी. ‘सेंडिंग’ या स्पेलमध्ये पंचवीस शब्दांचा निरोप जातो. आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे ‘दरवाज्यापलीकडच्यांनासुद्धा’ हा एक शब्द होतो. इंग्रजीत त्याला पाच-सहा लागतील. आमच्या क्लेरिकनं हे ओळखलं आणि त्याचे निरोप एकदम भरगच्च झाले. मी ते चालू दिलं. नियम शब्द मोजायला सांगतो, आणि आमचा खेळ ज्या भाषेत चालतो त्या भाषेचे शब्द मी मोजते. निरोप रचताना तो वहीत लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो, आणि बाकीचे त्याला शब्द सुचवतात. लढाई नसतानाही टेबल जागं राहतं.

तुमच्याकडचा गप्पपणा जायला मात्र स्पेलपेक्षा तुमच्या वर्णनांचा जास्त उपयोग होईल. खोलीत चार ऑर्क आहेत एवढंच सांगितलं, तर उत्तर डॅमेजमध्येच येणार. खोलीत छतापासून लोंबणारी साखळी, अर्धं भरलेलं तेलाचं पिंप, ओला गालिचा आणि एका बाजूला कलंडलेलं कपाट आहे असं सांगितलं, की कुणीतरी साखळीकडे बघतं. त्या वस्तूचं उत्तर तुम्ही आधी ठरवून ठेवू नका, फक्त वस्तू ठेवा. आणि एखादी युक्ती मान्य केलीत तर ती वहीत लिहून ठेवा, म्हणजे दोन महिन्यांनी दुसऱ्या खेळाडूनं तेच केलं तर निकाल तोच लागेल. निकाल माणसागणिक बदलला की टेबल फार लवकर रुसतं.

क्लेरिक खेळणाऱ्याशी पुढच्या सेशनच्या आधी बोलून घ्या. फुफ्फुसाला नाही म्हणालात ते तसंच ठेवा, पण पावसाची सोय त्याला दाखवा, आणि ती तेव्हा तुमच्याही लक्षात आली नव्हती हे सांगा. मग त्याच डाकूंचा दुसरा तळ रात्रीच्या वेळी समोर आणा. शेकोटी एक, मशाली पाच-सहा, थोड्या एकमेकींपासून लांब, म्हणजे पाऊस कुठे पाडायचा हे त्याला ठरवावं लागेल. तीस फूट म्हणजे सहा बाय सहा चौकटी. तेवढ्या मापाचा काळा कागद आधीच कापून ठेवा, आणि तो नकाशावर ठेवायला त्याच्या हातात द्या.