बर्फाने शाळा बंद पडली, तर वर्ग घरून भरवावा का?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही पेनसिल्वेनियात राहतो. या हिवाळ्यात आधी बर्फ आणि त्यावर पडताक्षणी गोठणारा पाऊस, असं झालं आणि आमच्या डिस्ट्रिक्टच्या शाळा सलग सहा दिवस बंद राहिल्या. आता स्कूल बोर्डाने पालकांचं मत मागवलंय, की बंद इतका लांबला तर ऑनलाइन वर्ग घ्यावेत का? माझी मुलगी दहावीत आहे, मुलगा दुसरीत. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते, त्यामुळे कितीही बर्फ पडला तरी मला ड्यूटीवर जावंच लागतं. घरी सासूबाई असतात, त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. नवरा म्हणतो, बुडालेले दिवस भरून काढायला जूनमध्ये शाळा लांबण्यापेक्षा ऑनलाइन बरं. सासूबाईंचं म्हणणं, पोरांना बर्फात खेळू द्या. मी फॉर्मवर काय लिहू?
— एक आई, पेनसिल्वेनिया

उत्तर : एक-दोन दिवसांचा प्रश्न असता तर मी सासूबाईंच्या बाजूने कौल दिला असता. पण सहा दिवस फार होतात. मी न्यू जर्सीत २६ वर्षं सहावी-सातवीला गणित शिकवलं. अपूर्णांकांचा भागाकार अर्ध्यावर असताना मध्ये आठवडा गेला, की मुलं परत येतात ती पाटी कोरी करूनच. कुठला अपूर्णांक उलटा करायचा, इथपासून पुन्हा सुरुवात. तेव्हा लांबलेल्या बंदात काहीतरी शिकवणं चालू राहावं, असं मला मनापासून वाटतं. फक्त ते कसं चालवायचं, यावर सगळं अवलंबून आहे.

फेब्रुवारी २०२१ मधलं मोठं हिमवादळ आठवत असेल तुम्हाला. करोनामुळे ऑनलाइनची घडी बसलेलीच होती, म्हणून आम्ही बर्फाचे दिवसही तसेच चालवले. माझ्या वर्गात २८ मुलं, पडद्यावर दिसली १९. उरलेल्यांपैकी एकाच्या घरची वीज गेली होती. एक मुलगी धाकट्या भावाला सांभाळत होती, कारण आई कामावर गेलेली. एका घरात दोन भावंडांत मिळून एकच फोन होता. शाळा उघडल्यावर माझ्यापुढे प्रश्न पडला, की १९ जणांना पुढे नेऊ, की ९ जणांसाठी सगळ्यांना थांबवू? शाळा नुसती बंद राहिली असती तर निदान सगळी एकाच ठिकाणी असती. त्या नऊ जणांना कागदोपत्री गैरहजर दाखवावं लागलं, ते मला अजून खटकतं.

जोशुआ गुडमन या अर्थशास्त्रज्ञांनी मॅसॅच्युसेट्सच्या शाळांची आकडेवारी तपासून २०१४ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. त्यात आढळलं ते असं, की बर्फाने अख्खी शाळा बंद राहिल्याचा परीक्षेतल्या गुणांवर परिणाम दिसत नाही. मुलं एकेकटी गैरहजर राहतात, त्याचा मात्र दिसतो. वर्ग एकत्र थांबला तर शिक्षक धडे पुढे सरकवतात. निम्मा वर्ग आला आणि निम्मा नाही, की ते जमत नाही. ऑनलाइन दिवसावर हा अभ्यास नव्हता. पण माझा अनुभव त्याच्याशी जोडून मी एवढं म्हणेन, की ज्या ऑनलाइन दिवशी एक तृतीयांश मुलं येऊच शकत नाहीत, तो शाळेचा दिवस नव्हे, गैरहजेरीचा दिवस आहे.

तुमच्या यजमानांच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण मला जूनपेक्षा मे महत्त्वाचा वाटतो. मुलीने एपीचा (हायस्कूलमध्येच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा) एखादा विषय घेतला असेल, तर ती परीक्षा मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत होते आणि आपल्याकडे किती बर्फ पडला म्हणून पुढे जात नाही. जूनमध्ये भरून काढलेले दिवस तिच्या काय कामाचे? मेरीलँडमध्ये बर्फाच्या दिवसांवर झालेल्या एका अभ्यासात गुडमन यांच्यापेक्षा वेगळं दिसलं. तिथे जास्त दिवस बुडालेल्या वर्षी राज्याच्या परीक्षेत पास होणाऱ्यांचं प्रमाण घसरलं होतं. बुडालेले दिवस भरून निघतात परीक्षा झाल्यावर, हे त्यामागचं कारण मला अगदी पटतं.

आता कायद्याचं थोडं. तुमच्या राज्यात २०१९ च्या कायद्याने डिस्ट्रिक्टला राज्याची मंजुरी घेऊन वर्षाला पाचपर्यंत ‘लवचीक दिवस’ वापरता येतात, म्हणजे शाळा बंद असताना घरून शिकवून ते शाळेचे दिवस धरता येतात. तेव्हा तुमचे सहाही दिवस त्यात बसलेच नसते. मग ते पाच दिवस डिसेंबरच्या पहिल्या भुरभुरीवर कशाला उधळायचे? आमच्या न्यू जर्सीत तर घोषित आणीबाणीमुळे सलग तीन दिवसांहून जास्त शाळा बंद ठेवावी लागली, तरच ऑनलाइन दिवस धरता येतो. छोटा बंद वेगळा आणि लांबलेला वेगळा, ही विभागणी मला योग्य वाटते. पहिले दोन दिवस मुलांना मोकळं सोडा. रस्ते साफ व्हायला, गेलेली वीज यायला तेवढा वेळ लागतोच, आणि शिक्षकांच्या दारातही बर्फ असतोच की. तिसऱ्या दिवसापासून अभ्यास सुरू करावा.

अभ्यासाचं स्वरूप दोन्ही मुलांसाठी सारखं नको. दहावीच्या मुलीला रोज तीन-चार विषयांचे छोटे तास थेट शिक्षकांबरोबर पुरेत. सकाळी आठ ते अडीच पडद्यापुढे बसवू नये. दुसरीतल्या मुलाला मात्र लॅपटॉपपुढे बसवायचं तर शेजारी मोठं माणूस हवं. लॉगिन अडलं तर सासूबाईंनी काय करायचं? अहो, १३ फेब्रुवारी २०२४ ला न्यूयॉर्क शहरात बर्फामुळे ऑनलाइन शाळा ठेवली, तर सकाळी कित्येक घरांत लॉगिनच होईना. तिथे घरी आजी एकटी असेल तर तिने कुणाला विचारायचं? लहान वर्गांना कागदांचं पाकीट डिसेंबरमध्येच घरी द्यावं. काही राज्यांत त्याला ‘ब्लिझर्ड बॅग’ म्हणतात. त्यात नाणी मोजणं, घड्याळ वाचणं, एखादं छोटं पुस्तक असं असावं. नाणी आजीबरोबर मराठीत मोजली तरी गणित तेच आहे.

फॉर्मवर नुसती हो-नाहीची चौकट असेल, तर ‘हो’वर खूण करा आणि खालच्या रिकाम्या जागेत लिहा : तिसऱ्या दिवसापासून; लहान वर्गांना कागदावर; वीज किंवा नेट नसलेल्या मुलाची गैरहजेरी लावू नये, आणि शाळा उघडल्यावर तो धडा त्याला परत शिकवावा. शाळेतल्या जेवणावर अवलंबून असलेल्या मुलांना त्या दिवसांत डबा कसा पोचणार, हेही विचारा. हा प्रश्न बोर्डाच्या सभेत सहसा कुणी काढत नाही.

आणि सभेला यजमानांना एकट्यांना पाठवू नका, ड्यूटी बदलून घेता आली तर स्वतः जा. बर्फात कामावर जाणाऱ्या नर्स, रस्त्यावरचा बर्फ हटवणारा प्लाऊ चालवणारे, दुकानात उभे राहणारे यांची मुलं त्या दिवशी कोणाजवळ असतात, हे तुम्हाला माहीत आहे. ते तुमच्या तोंडून बोर्डाला ऐकू द्या.