कंदील घेतलात, पावती कुठाय?

रेल्वेचा प्रवास आणि रेल्वेच्या जुन्या वस्तू, दोन्हीबद्दल त्याच त्या शंका परत परत येतायत म्हणून यावेळी एकत्र उत्तरं देतोय. आधीच सांगतो, नुसता फोटो पाठवून 'याचे किती येतील' असं विचारू नका, सांगणार नाही.

प्रश्न : गणपतीला कोकणात जायचंय. रिझर्वेशन १२० दिवस आधी उघडतं ना?

नाही. 1 नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस.

प्रश्न : ज्येष्ठ नागरिकांची सवलत परत सुरू झाली असं सोसायटीच्या ग्रुपवर आलंय. खरं का?

मार्च 2020 पासून बंद आहे. तो मेसेज दर दोन-तीन महिन्यांनी फिरतो. ग्रुपला नका विचारू, तिकीट खिडकीवर विचारा.

प्रश्न : आजोबांनी जपलेली पुठ्ठ्याची जुनी तिकिटं सापडली. लॅमिनेट करून फ्रेम करू का?

अजिबात नको. लॅमिनेशनच्या दुकानात गरम रोलरमधून गेलेलं तिकीट परत मूळ स्थितीत येत नाही. सेलोटेप नको, फेविकॉल नको, भिंतीवर उन्हात टांगणं तर नकोच. ॲसिड-फ्री कागद किंवा पॉलिएस्टरची पाकिटं मिळतात त्यात ठेवा, पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. आणि हल्लीची थर्मल कागदावरची तिकिटं तर लॅमिनेट केली की काळी पडतात, त्यांचं आधी स्कॅन करून ठेवा, कारण ती नुसती ठेवली तरी पुसट होतातच. बुरशी लागली असेल तर घरी ब्रशने खरवडत बसू नका, कागद-संवर्धन करणाऱ्या माणसाला दाखवा.

प्रश्न : 1978 सालचं थर्ड क्लासचं तिकीट ऑनलाइन मिळतंय, घेऊ का?

थर्ड क्लास 1974 मध्येच बंद झाला. पुढे काय ते तुम्हीच ठरवा.

प्रश्न : चोरबाजारात पितळी हातबत्ती बघितली, 'जी.आय.पी.आर. 1853' असं कोरलंय. विकणारा म्हणतो पहिल्या गाडीच्या काळातली आहे. ओरिजिनल असेल का?

बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी 16 एप्रिल 1853 ला सुटली हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय, म्हणून तोच आकडा कोरतात, सोपं आहे. जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, ती कंपनी 1849 ची, 1925 मध्ये कारभार सरकारकडे गेला तरी नाव तेच राहिलं, आणि 5 नोव्हेंबर 1951 ला मध्य रेल्वे झाली तेव्हा ते गेलं. म्हणजे जीआयपीचा शिक्का खरा असला तरी बत्ती 1940 च्या आसपासचीही असू शकते, तेवढ्यावरून वय कळत नाही. माझ्या बघण्यातल्या कामाच्या बत्त्या बहुतेक पत्र्याच्या, रंगाचे थर चढलेल्या, पोचे आलेल्या. चकचकीत पितळ दिसलं की मी आधी आत बघतो. धुराडं आतून काळं आहे का, वात धरणारा भाग कधी तापलाय का, लाल-हिरव्या काचा असलेली आतली चौकट फिरते का आणि फिरून फिरून झिजलीय का, का काचेला नुसता रंग फासलाय. अक्षरं रंगाच्या खाली आहेत की घासलेल्या पितळेवर काल ठोकलीयत तेही दिसतं. हे सगळं हातात घेऊन बघायचं असतं, त्यामुळे जाणत्या संग्राहकाला सोबत न्या. 'आत्ता नाही घेतली तर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे' असं म्हणाला तर खुशाल घेऊ दे दुसऱ्याला.

प्रश्न : वडील गार्ड होते. ते गेल्यावर माळ्यावर त्यांची पेटी सापडली, त्यात बत्ती, झेंड्या, शिट्टी, एक कुलूप आणि पत्र्याच्या दोन चपट्या गोल डब्या, बाजूला वाकणाऱ्या पट्ट्या असलेल्या. विकलं तर चालेल का? मित्र म्हणतो जुनं आहे, कोण विचारतंय.

आधी त्या दोन डब्या. वर्णनावरून ते फटाका सिग्नल वाटतायत, धुक्यात किंवा धोक्याच्या वेळी रुळावर बांधायचे, चाक गेलं की फुटतात. आत स्फोटक असतं आणि जुनं झालं म्हणजे निकामी झालं असं समजू नका. हलवू नका, उघडू नका, खोली बंद करा आणि 112 ला फोन लावा. आज.

आता तुमचे मित्र. 'कोण विचारतंय' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता चीड येते. रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा ताब्याबद्दल 1966 चा वेगळा कायदा आहे. वस्तू रेल्वेची आहे आणि चोरीची किंवा गैरमार्गाने आलेली असल्याचा वाजवी संशय आहे, इतकं पुरतं, ती तुमच्याकडे सरळ मार्गाने आली हे तुम्ही सिद्ध करायचं. पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वस्तू जुनी आहे म्हणून सूट मिळेल असं त्यात कुठे नाही (एसी डब्यातला नॅपकिन बॅगेत घालणाऱ्यांनीही हे वाचावं). वडिलांनी चोरी केली असं मी म्हणत नाहीये, पुष्कळदा निकामी झालेलं सामान साहेबांनी 'ने रे घरी' म्हणून दिलेलं असतं, पण तोंडी दिलेल्याचा आज पुरावा काय? म्हणून आधी कागद शोधा. निवृत्तीच्या वेळचं नो ड्यूज, सामान परत केल्याची पोच, कुठे भेट दिल्याचं पत्र, वडिलांचा बत्ती घेतलेला फोटोसुद्धा. प्रत्येक वस्तूचे फोटो काढा, शिक्का, नंबर, कुठे सापडली, कधी, सगळं वहीत लिहा. मग रेल्वेच्या केसेस बघणारा वकील गाठा आणि त्याच्या सल्ल्याने विभागीय कार्यालयाला लेखी कळवायचं का ते ठरवा. तोपर्यंत ऑनलाइन जाहिरात टाकू नका. विकत घेणाऱ्यांनाही हेच लागू. रेल्वे भंगार ई-लिलावाने विकते, त्याची कागदपत्रं असतात, तुमच्या दुकानदाराकडे ती साखळी आहे का विचारा. 'स्टेशन पाडलं तेव्हा मिळालं' ही पावती नव्हे. माझ्या ओळखीतले लोक मालाची किंमत पाडायला तास घालवतात आणि पावती मागायला लाजतात, याला काय म्हणायचं.

प्रश्न : पणजोबांची जीआयपीतली 1911 सालची बत्ती, सगळी कागदपत्रं आहेत. मुलाकडे लंडनला न्यायचीय. कुरिअरवाला म्हणतो 'डेकोरेटिव्ह आयटम' लिहू.

कुरिअरवाल्याला हात जोडा. शंभर वर्षं झालेली अशी वस्तू 1972 च्या कायद्याखाली पुरावशेषात, म्हणजे जपायच्या पुरातन वस्तूंत, धरली जाऊ शकते, आणि पुरावशेष खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. खोटं वर्णन लिहिलं तर ते वेगळं प्रकरण. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात दाखवून लेखी मत घ्या. बत्ती इथेच राहिली तर लंडनचं काही अडणार नाही.

प्रश्न : बार्शी लाइट रेल्वेचं शेअर सर्टिफिकेट सापडलंय. एक एजंट म्हणतो कोटीत जाईल, प्रोसेसिंग फी भरा.

फी भरू नका. ती लाइन सरकारने 1954 मध्ये घेतली. आता असतं ते संग्राहकाचं मोल. तरी शंका असेल तर सीएला दाखवा, एजंटला नव्हे.

प्रश्न : संग्रह दान करायचाय, कुठे?

नॅरोगेजचं असेल तर नागपूरचं मोतीबाग संग्रहालय, नाहीतर दिल्लीचं राष्ट्रीय रेल संग्रहालय. सामान घेऊन थेट दारात जाऊ नका. आधी फोटोसकट यादी आणि पत्र पाठवा, उत्तर आलं की मगच निघा, आणि दिल्यावर सहीशिक्क्याची पोच घ्या.