ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, सीनियर लोक भूल दिलेल्या पेशंटवर जोक मारतात, एकाने मोबाइलवर फोटोही काढला. मी नवीन आहे, सहाच महिने झालेत, बोलू की गप्प बसू?

सहाच महिने झालेत म्हणतेस म्हणून तू म्हणते हां, राग मानू नकोस. मी गोव्यात, बार्देशातल्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलात स्क्रब सिस्टर, म्हणजे ऑपरेशनात सर्जनच्या हातात हत्यारं देणारी, 14 वर्षं झाली. बोल. पण सगळ्यावर नको.

गाणी लावणं, चतुर्थीच्या सुट्टीवरून कुरकुर, मासळीचे भाव, हे सोडून दे, चार तास उभं राहिल्यावर माणूस बडबडणारच. पेशंटच्या अंगावर बोलणं मात्र वेगळं. तू लिहिलंयस भूल दिलेली असते, पण स्पायनलमध्ये, म्हणजे पाठीत इंजेक्शन देऊन दिलेल्या भुलीत, फक्त खालचा भाग बधिर होतो गं, वरचा माणूस जागाच असतो, पडद्याच्या अलीकडे पडून सगळं ऐकतो. मी नवीन असताना एका बाईच्या पोटावरून असंच हसणं चाललेलं, मी नाही हसले पण तोंडही नाही उघडलं. दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेले तर ती हळूच म्हणाली, "सिस्टर, तुमी म्हज्या पोटाक हांसताले न्हय?" मी म्हटलं नाही हो, दुसराच विषय होता. आणि गोवा केवढासा, ती निघाली माझ्या मावशीच्या वाड्यावरची, अजून जत्रेत दिसली की मीच वाट बदलते.

त्यानंतर माझी एक युक्ती आहे, जोक सुरू झाला की मोठ्याने म्हणायचं "सर, पेशंट जागा आहे" किंवा "मॉप काउंट घेते", म्हणजे रक्त टिपायचे कपडे मोजते, बस्स. भाषण नको, हात चालू असताना तर अजिबात नको.

काउंट चुकतोय, टाइम आउट, म्हणजे थांबून पेशंट आणि ऑपरेशन बरोबर आहे ना ते पडताळणं, न घेताच चीर दिली, ग्लोव्ह फाटलाय, तिथे मात्र थांबायचं नाही, तिथल्या तिथे सांगायचं. डब्ल्यूएचओची ऑपरेशनच्या सुरक्षिततेची 2008 ची चेकलिस्ट आहे ना, तिच्यावर ऑपरेशन संपल्यावर एकदम टिका मारून टाकतात बऱ्याच ठिकाणी, मला तर ते जोकपेक्षा वाईट वाटतं. आठ शहरांत ती वापरून बघितली होती, त्यात दिल्लीपण होती, मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आले. आमच्याकडे एकदा एक मॉप कमी भरला, सर म्हणाले क्लोज करूया, मी म्हटलं नको सर, परत मोजते. सापडला बकेटमध्ये, कपड्याखाली. सर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चालतं.

आता फोटो. हा जोक नाही, पेशंटची परवानगी नसेल तर चूकच. आधी ओटी इन्चार्जला एकटीला गाठून सांग, तिने उडवून लावलं तर मेट्रनकडे, म्हणजे नर्सेसच्या प्रमुखाकडे, आणि मग मेडिकल सुपरिंटेंडेंटकडे लेखी, पोच घेऊन. काढणारा डॉक्टर असेल तर डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारीला गोवा मेडिकल काउन्सिल आहे, आणि डॉक्टरांच्या 2002 च्या नियमांतच लिहिलंय की सहकाऱ्याचं गैरवर्तन न भिता उघड करावं, किती जण करतात ते सोड. तुझ्याच अंगचटीला कोणी येत असेल तर तो कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा, हॉस्पिटलच्या इंटर्नल कमिटीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावं लागतं, त्यात वेळ घालवू नकोस.

व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अक्षर टाकू नकोस आणि पुरावा म्हणून तो फोटो स्वतःच्या मोबाइलमध्येही घेऊ नकोस, उलटं तुझ्यावरच येईल. तारीख, वेळ, कोण हजर होतं एवढं त्याच रात्री वहीत लिही. वही घरी ठेव. माझी लॉकरमधून गेली होती.