पाण्यावर उतरलेले सीप्लेन विमान मानायचे की नौका?

रामटेकजवळच्या खिंडसी तलावात सीप्लेन उतरले, तर मोटारबोटीने त्याला वाट द्यायची की त्याने बोटीला, असा आपला प्रश्न आहे. मी नागपूरचा असलो तरी माझी नोकरी मालवाहू जहाजांवर डेक अधिकारी म्हणून झाली, म्हणून आधी समुद्रावरचा नियम सांगतो.

समुद्रात टक्कर टाळण्यासाठीची १९७२ ची आंतरराष्ट्रीय नियमावली १५ जुलै १९७७ पासून लागू आहे. तिच्या नियम ३ मधील नौकेच्या व्याख्येतच सीप्लेन येते; म्हणजे पाण्यावर असेपर्यंत ती नौकाच. नियम १८ मात्र सांगतो, की सीप्लेनने साधारणपणे सर्व नौकांपासून चांगले दूर राहावे आणि त्यांच्या वाटेत अडथळा आणू नये. पुष्कळ जण इथेच थांबतात आणि बाजूला होणे हे नेहमी सीप्लेनचेच काम, असे धरून चालतात. त्याच नियमात पुढे म्हटले आहे, की टक्करीचा धोका असेल तेव्हा सीप्लेनलाही इतर नौकांचेच नियम लागू होतात, आणि तिथून बोटीचीही जबाबदारी सुरू होते. समजा, बोटीच्या उजव्या हाताकडून सीप्लेन आडवे येत आहे आणि अंतर कमी होत असूनही ते त्याच दिशेला दिसत राहते. अशा वेळी वाट बोटीने द्यायची आणि शक्यतो त्याच्या पुढून न जाता मागून जायचे.

ही तरतूद मला अत्यंत न्याय्य वाटते. पाण्यावर चाकांचे ब्रेक कामाचे नाहीत, इंजिन चालू होताच विमान पुढे सरकू लागते, आणि उंच शेपटीवर वारा बसला की त्याचे नाक वाऱ्याकडे वळते. फ्लोटच्या, म्हणजे विमानाखालच्या तरंगत्या पायांच्या, मागे असलेले छोटे सुकाणू जोराच्या वाऱ्यात अपुरे पडते.

दिव्यांबाबत नियम ३१ सवलत देतो: जहाजासारखे दिवे ठरलेल्या जागी लावणे शक्य नसेल, तर शक्य तितके जवळपास जुळणारे लावावेत. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, हे जहाज आणि विमान दोघांनाही सारखेच.

आता खिंडसी. ही नियमावली खुल्या समुद्राला आणि त्याला जोडलेल्या, समुद्रगामी जहाजे जाऊ शकतील अशा पाण्याला लागू आहे. बंदिस्त तलावाला ती आपोआप लागू होत नाही. तिथे बोटींसाठी त्या पाण्याला लागू असलेले नियम पाहावे लागतात. वैमानिकाला मात्र हवाई नियम असतातच, आणि त्यांनुसार पाण्यावर उतरताना व उडताना सर्व नौकांपासून शक्य तितके दूर राहणे त्याच्यावर बंधनकारक आहे.