पुन्हा बाप्तिस्मा घेऊ का, असं विचारलंस म्हणून

प्रिय मुला,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. नाताळात भेटलास तेव्हा चेहऱ्यावर काही दिसलं नव्हतं, की मीच नीट पाहिलं नाही कोण जाणे. संगतीतले, म्हणजे तुझ्या प्रार्थनागटातले, नवे मित्र म्हणतात, तान्हेपणी डोक्यावर शिंपडलेलं पाणी म्हणजे बाप्तिस्माच नव्हे, नदीत बुडून घे. वसईचा तुझा कॅथलिक रूममेट बाप्तिस्म्याला स्नानसंस्कार म्हणतो आणि एकदा झाला तो जन्माचा झाला, म्हणतो. (आपल्याकडे शब्दसुद्धा वाटून घेतलेत बघ. त्यांची मिस्सा, आपली प्रॉटेस्टंटांची उपासना. त्यांचे फादर, आपले पाळक.) आणि तू विचारतोस, एकाच प्रभूची माणसं एकमेकांना खोटं पाडतात, तर मी प्रार्थना तरी कोणाच्या बाजूने करू?

पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन केडगावला, म्हणजे तुझ्या नगर-पुणे वाऱ्यांपासून फार लांब नाही. बाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. पुढे तिथे आणि अमेरिकेत हाय चर्च, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, क्वेकर, युनिटेरियन, रोमन कॅथलिक असे सगळे त्यांना भेटले, ज्याची त्याची शिकवण निराळी. हिंदू पंथांच्या गर्दीतून निघालेल्या या बाईला ख्रिस्ती देशांतही धर्मांचं बाबेल, म्हणजे नुसता गोंधळ, पाहून काय वाटलं, ते त्यांनी आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय.

बाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्रैक्याची (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) शिकवण पटेना, तर तसं स्पष्ट सांगितलं. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन म्हणजे त्यांना आईच्या जागी, पण त्यांच्याशीही पत्रांतून कडाक्याचं भांडण. आपल्याकडच्या पुरोहितांचं जोखड एवढ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, आता तसलंच दुसरं घेणार नाही, असं बाईंनी सुनावलं. सिस्टरना त्यात गर्व दिसला. सिस्टरची काळजी खोटी नव्हती, तरी माझं मत बाईंच्या बाजूने. न पटलेल्या गोष्टीला आमेन म्हटलं नाही, आणि वाद झाला म्हणून पत्रंही थांबवली नाहीत. मनाला स्वस्थता मिळाली ती १८९१च्या सुमारास. तोवर ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हता, असं त्याच म्हणतात. मधे आठ वर्षं गेली. तुला जेमतेम तीन महिने झालेत.

आता माझं ऐक. आई शेवटच्या आजारात होती तेव्हा एका प्रार्थनागटातली माणसं रोज यायची. तेल लावायची, हात ठेवायची. एके दिवशी त्यातल्या एकाने मला व्हरांड्यात बाजूला घेऊन सांगितलं, घरात कोणाचा तरी विश्वास कमी पडतोय. घरात होतो कोण? मी आणि आई. ती आठवड्याने गेली. त्यानंतर वर्षभर प्रभुभोजनाचं (भाकर आणि द्राक्षारसाचं) तबक माझ्या बाकापाशी आलं की मी ते तसंच पुढे सरकवायचो. छोट्या पेल्यांचा किणकिण आवाज व्हायचा, तो अख्ख्या देवळाला ऐकू जातोय असं वाटायचं. शेजारी बसणारे मंडळीतले एक म्हातारे वडीलजन कधी काही बोलले नाहीत. फक्त एका रविवारी पवित्र शास्त्र उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. स्तोत्र ८८. वाचून बघ. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. आणि तरीही ते शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलेलं नाही. शास्त्रातल्या त्या दुःखाने पिचलेल्या ईयोबाच्या मित्रांचंही बघ. देवाची बाजू घेऊन ते इतकं बोलले, आणि शेवटी देव म्हणाला, माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब.

म्हणून बाप्तिस्म्याचं विचारशील, तर आत्ता घेऊ नकोस. बुडून घेणं चूक आहे म्हणून नव्हे. तुझ्या पत्रात मला प्रभूची ओढ कमी आणि मित्र काय म्हणतील याची धास्ती जास्त दिसली. लक्ष्मीबाई टिळकांचं आठव. नवऱ्याने, म्हणजे कवी नारायण वामन टिळकांनी, १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. ताटातूट झाली, पुन्हा एकत्र आले, तरी बाईंचं सोवळं चालूच. पाणी वेगळं, चूल वेगळी. त्यांचा बदल सुरू झाला तोही टिळकांच्या वाटेने नाही. आधी जातपात देवाने केलीच नसणार हे त्यांना स्वतःला उमगलं, मग बाकीचं. बाप्तिस्मा १९०० साली. पाच वर्षं एका संसारात दोन श्रद्धा, आणि टिळकांसारख्या तापट माणसानेही त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. तुझे मित्र आठवडाभर तरी थांबायला तयार आहेत का, ते त्यांना विचारून बघ.

संगतीत जायचं थांबवू नकोस. तिथे तू मोकळेपणाने गातोस म्हणालास, ते मला आवडलं. रूममेटबरोबर एकदा मिस्सेलाही जा. आईकडच्या आजीला मात्र हे सगळं फोनवर सांगू नकोस. ती घाबरेल आणि पाळकांना घेऊन पुण्याला येईल.

प्रार्थना होत नाही म्हणतोस, तर ते ८८वं स्तोत्रच मोठ्याने वाच. मी वर्षभर तेवढंच करत होतो.

तुझा,
काका