शेव्हिंग साबणाला दाट फेस कसा आणावा? वडी इतक्या लवकर का संपते?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही बीडला राहता, घरी बोअरचं पाणी आहे, गोल डबीतला शेव्हिंग साबण वापरता. फेस येतो पण गालावर लावेपर्यंत बसतो, आणि तो वाढवायच्या नादात वडी भराभर झिजते. मी लातूरचा, त्यामुळे हे दुखणं ओळखीचं आहे. बहुतेक जण इथं साबणाचा ब्रँड बदलायला सांगतील. माझं मत असं की आधी पाणी बदला. तेही अर्धी वाटीच.

मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसॉल्ट खडकावर आहे आणि खोल बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम भरपूर असतं. साबणातली स्निग्धाम्लं (तेला-चरबीतून येणारी आम्लं) कॅल्शियमला चिकटली की पाण्यात न विरघळणारा पांढरा साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसतो तो हाच. आता हिशेब बघा. या क्षारांमुळे येणारा पाण्याचा जडपणा लिटरला 300 मिलिग्रॅम असेल, तर एक लिटर पाणी साधारण पावणेदोन ग्रॅम साबण निकामी करतं. (पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात 200 ही मर्यादा आहे, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात.) पण दाढीच्या फेसात पाणी जातं जेमतेम चार-पाच चमचे. म्हणजे जड पाणी थेट खातं तो साबण अगदी थोडा. खरा घोळ पुढं होतो: त्या साक्याचे बारीक कण फेसाचे बुडबुडे फोडतात. फेस बसला की आपण ब्रश पुन्हा वडीवर घासतो, आणि वडी संपते ती या दुसऱ्या-तिसऱ्या घासण्यात.

खात्री करायची असेल तर दोन रिकाम्या बाटल्या घ्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत जारचं किंवा आरओचं. दोन्हींत साबणाचा सारखाच कीस टाकून जोरात हलवा. जिथं पाणी गढूळ होऊन वर थोडाच फेस राहतो, ते पाणी दाढीला नको. टीडीएस मीटरवर फार विसंबू नका. तो सगळेच क्षार एकत्र मोजतो, त्यातलं कॅल्शियम किती हे सांगत नाही.

फेसासाठी आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम. दोन्ही नसेल तर बोअरचं पाणी उकळून, थंड करून, वरचं नितळ पाणी घ्या. जडपणाचा एक भाग भांड्याला चिकटून मागं राहतो, सगळा नाही. आरओमधून बाहेर पडणारं पाणी आपण बादलीत साठवतो, ते लादी पुसायला ठीक आहे, पण फेसाला त्याच्याइतकं वाईट काही नाही, कारण गाळलेले क्षार त्यातच उतरलेले असतात. टँकरच्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवली असेल तर तेही टाळा, तुरटीतलं ॲल्युमिनियम साबणाला तसंच धरतं. तुरटी दाढी झाल्यावर गालावर. आणि कुणी फेसात लिंबू पिळायला सांगितलं तर ऐकू नका, आम्लानं साबण फुटतो.

आता कृती. आधी तोंड धुऊन दाढी दोन-तीन मिनिटं ओली राहू द्या. केस पाणी पितात, मऊ होतात, ब्लेडला कमी जोर लागतो. यासाठी नळाचं पाणी चालेल. ब्रश खऱ्या केसांचा असेल तर तेवढा वेळ कोमट पाण्यात बुडवून ठेवा, नायलॉनचा असेल तर नुसता भिजवला तरी पुरे. त्याच वेळी वडीवर अर्धा चमचा पाणी टाका. वडीचा वरचा थर सैल होतो. ते पाणी फेकू नका, गालावर चोळा; त्यात साबण उतरलेला असतो.

मग ब्रश झटका. चांगला झटका, थेंब गळता कामा नये. लोक इथंच चुकतात: निथळता ब्रश वडीवर फिरवतात, मोठमोठे बुडबुडे उठतात, अर्धे डबीबाहेर सांडतात आणि ब्रशमध्ये काहीच राहत नाही. जेमतेम ओला ब्रश वीस-तीस सेकंद हलक्या हातानं गोल फिरवला की टोकांना चक्क्यासारखा घट्ट लेप बसतो. साबण घ्यायचा तो इथंच, एकदाच आणि पुरेसा. इथं कंजूषी केली तर मागाहून दुप्पट जातो.

पुढचा सगळा खेळ थेंबांचा. ब्रशची टोकं पाण्याला लावायची, गालावर किंवा वाटीत फिरवायचं, पुन्हा टोकं लावायची. लेप आधी चिकट असतो, मग मऊ होतो, मग त्याला चकाकी येते. वेगळे बुडबुडे दिसेनासे झाले की थांबा. फेस पोकळ, हलका झाला तर पाणी जास्त झालं. गालावर कोरडा पडला तर कमी. मी फेसासाठी वेगळी वाटी घेत नाही, सरळ गालावरच करतो. वाटीला चिकटून राहिलेला फेस शेवटी मोरीतच जातो. दुसऱ्यांदा फेस लावायला ब्रशमध्ये उरतो तेवढा पुरतो, वडीला हात लावायचा नाही.

2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी यायचं, तेव्हा मगभर पाण्यात दाढी उरकायची सवय लागली. ती टिकली, साबणही वाचायला लागला. नळ सोडून ब्रश त्याखाली धरणारा माणूस पाहिला की अजून कसंतरी होतं.

साबणाबद्दल एवढंच की आंघोळीची वडी नको. शेव्हिंग साबणात स्टिअरिक आम्ल जास्त असतं, त्यानं फेस टिकतो. आणि सहसा पोटॅशियमचे क्षार असतात, ते लवकर विरघळतात. पाकिटावर ही नावं सुरुवातीला आहेत का बघून घ्या.

सगळ्यात जास्त नासाडी मात्र दाढी झाल्यावर होते. डबीत पाणी साचू दिलं की वडी खालून लिबलिबीत होते आणि तो थर वाहून जातो. पाणी ओतून टाका, डबी तिरकी ठेवा, वडी सुकेपर्यंत झाकण लावू नका. ब्रश पाण्याच्या वाटीत उरलेल्या मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या पाण्यातच धुवा, नाहीतर मुळाशी साका साचून तो कडक होतो. झालाच असेल तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून भिजवून ठेवा, मग स्वच्छ धुवा. नवी वडी आणली की जुनीचा उरलेला पापुद्रा ओला करून तिच्यावर दाबून बसवा, दोन दिवसांत एकजीव होतो.